व्हियारेआल २०११-१२ : चौथ्या क्रमांकावरचा संघ वर्षभरात खालच्या श्रेणीत कसा गेला?

मधल्या_फळीतला :

स्पॅनिश फुटबॉलमधल्या वाईट मोसमाचा विषय निघाला की बोलणं बार्सिलोना आणि रेआल माद्रिदच्या पुढे सरकतच नाही. तिथे दुसरा क्रमांक आला तरी मोसम वाया गेला म्हणतात. मला ज्या मोसमाबद्दल लिहायचंय त्यात एक देखणं खेळणारा, घट्ट बांधलेला संघ पहिल्या श्रेणीतूनच बाहेर गेला. व्हियारेआल, २०११-१२.

त्याच्या आदल्या वर्षी हा क्लब ६२ गुणांसह ला लीगात, म्हणजे स्पेनच्या पहिल्या श्रेणीत, चौथा आला होता. युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. जुझेप्पे रोस्सीने लीगमध्ये १८ गोल केले होते आणि मधल्या फळीत सांती काझोर्ला, बोर्हा व्हालेरो, ब्रुनो सोरियानो, कानी अशी मंडळी होती. चेंडू त्यांच्या पायात आला की समोरच्याने नुसतं धावत राहायचं. पुढच्या मोसमाअखेर याच क्लबचे ४१ गुण, १८वा क्रमांक. ३८ सामन्यांत ९ विजय, १४ बरोबरी, १५ पराभव.

१३ मे २०१२, शेवटचा दिवस. एल माद्रिगालवर, म्हणजे घरच्या मैदानावर, आतलेतिको माद्रिदशी सामना. सुरुवातीला व्हियारेआल खाली जाणाऱ्या तिघांत नव्हतं, ८७व्या मिनिटालाही नव्हतं. ८८व्या मिनिटाला आतलेतिकोच्या फाल्काओने गोल केला. तिकडे माद्रिदच्या वायेकास भागात रायो व्हायेकानो आणि ग्रानादाचा सामना गोलशून्य चालला होता, तिथे भरपाईच्या वेळेत रायोच्या राऊल तामुदोने गोल केला. रायो वाचलं, व्हियारेआल गेलं.

हे दोन गोल इतके चटका लावणारे आहेत की सगळे 'नशीब फुटकं' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. संघ जुलै २०११ पासूनच पोकळ होत गेला आणि मार्च उजाडेपर्यंत क्लबात कुणालाही खरी भीती वाटली नाही. 'एवढे चांगले खेळाडू आहेत, येतील वर' या भरवशावर अख्खा मोसम निघून गेला. तुमचं मत काय?

अंधेरी_पूर्व :

धागा काढलात हे बरं केलंत. पण नशिबाला एवढं बाजूला सारू नका. २६ ऑक्टोबर २०११, बेर्नाबेऊवर रेआल माद्रिदविरुद्ध रोस्सीच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. सावरत होता तोच एप्रिलमध्ये सरावात पुन्हा तोच गुडघा गेला. युरो २०१२ हुकलंच, पुढची कारकीर्दही त्या दुखण्यातून कधी पूर्ण सुटली नाही. १८ गोल करणारा माणूस ऑक्टोबरमध्ये काढून घ्या आणि मग कुठल्याही मधल्या क्लबचं काय होतं ते बघा. निल्मारही दुखापतींनी आत-बाहेर करत होता. मोसमभरात लीगमध्ये ३९ गोल. म्हणजे सामन्याला जेमतेम एक! १४ बरोबऱ्या तिथूनच आल्या. रोस्सी धड असता तर त्यातल्या तीन-चार तरी विजय झाल्या असत्या आणि हा धागा निघालाच नसता.

फातोर्ड्याची_पोर :

दुखापतीचं मान्य, पण रोस्सीच्या आधी दोन माणसं गेली त्याबद्दल कुणी बोलत नाही. काझोर्ला मालागाला विकला, साधारण २ कोटी युरोंना. आणि लेफ्ट बॅक जोआन कापदेविला बेन्फिकाला गेला. कापदेविला म्हणजे २०१०चा विश्वविजेता. त्या स्पॅनिश संघात तो एकटाच होता असा की ज्याचं नाव लोक विसरतात, आणि तरी प्रत्येक सामना खेळला. व्हियारेआलची अख्खी डावी बाजू त्याच्या धावण्यावर उभी होती. तो पुढे गेला की कानी आत यायचा आणि मधे एक माणूस जास्त व्हायचा. तो गेल्यावर कानीला बाजूला अडकून पडावं लागलं.

कापदेविला २०१४ मध्ये पहिल्याच आयएसएलला (इंडियन सुपर लीग) नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळायला आला होता. आमच्या एफसी गोवाकडे त्याच वर्षी रोबेर पिरेस होता, तोही २००६ ते २०१० व्हियारेआलचाच. फातोर्ड्याच्या मैदानावर पिरेसला बघताना पाय थकलेले दिसत होते, पण चेंडू येण्याआधीच मान फिरवून कोण कुठे आहे ते बघून ठेवायचा. व्हियारेआलमधली ती सवय. असे लोक ज्या संघात वर्षानुवर्षं होते, त्या संघातून दोघे-तिघे एकदम गेले की बाकीच्यांचंही चुकायला लागतं.

मधल्या_फळीतला :

@अंधेरी_पूर्व, रोस्सीचं दुखणं मोठंच होतं. पण तारीख बघा. ऑक्टोबर संपत आला होता तेव्हा रोस्सी पडला. त्याआधीच गाडी घसरली होती. खेळाडूंच्या संपामुळे लीगची पहिली फेरी पुढे ढकलली गेली होती, म्हणून लीगमधला पहिलाच सामना बार्सिलोनाच्या काम्प नोउवर आला आणि तिथे ०-५. रोस्सी तेव्हा ठणठणीत होता.

चॅम्पियन्स लीगचं तर विचारू नका. ओडेन्सेला हरवून पात्र झाले आणि गट मिळाला बायर्न म्युनिक, मँचेस्टर सिटी, नापोली. सहापैकी सहा सामने हरले. दोन गोल केले, चौदा खाल्ले. त्यातला मँचेस्टरचा सामना मला सगळ्यात जास्त लागला. कानीने चौथ्याच मिनिटाला गोल केला होता. मग मार्चेनाच्या पायाला लागून स्वयंगोल झाला, तरी १-१ टिकवून धरलं होतं आणि ९३व्या मिनिटाला अग्वेरोने गोल केला. हातातोंडाशी आलेला एक गुण गेला. त्या संध्याकाळी बरोबरी झाली असती तर संघाला आपल्यात काहीतरी शिल्लक आहे असं वाटलं असतं.

आणि @फातोर्ड्याची_पोर, डाव्या बाजूचं तुम्ही अगदी नेमकं सांगितलंत. काझोर्लाच्या जागी आलेले दे गुझमान, कामुन्यास काही वाईट खेळाडू नव्हते. पण काझोर्ला दोन्ही पायांनी खेळायचा, त्यामुळे त्याला कुठल्याही बाजूला टाकता यायचं आणि कोच गारीदोची मांडणी त्यावरच चालायची. त्याच मोसमात मालागा चौथं आलं, चॅम्पियन्स लीगला गेलं. व्हियारेआलची जागा व्हियारेआलच्याच माणसाला घेऊन दुसऱ्यांनी पटकावली.

शाहूपुरीचा_गोली :

मी गोलकीपर, म्हणून एक गोष्ट आधी. दिएगो लोपेझला कुणी दोष देऊ नये. ५३ गोल खाल्ले हे खरं, पण त्यातले कितीतरी तो एकटा उघड्यावर पडल्यावर झालेले. खाली गेल्यावर तो सेव्हियाला गेला आणि काही महिन्यांत रेआल माद्रिदने उचलला. वाईट गोलकीपरला माद्रिद उचलत नाही.

मला वाटतं कणा मोडला तो कोपा देल रेमध्ये, म्हणजे स्पेनच्या चषक स्पर्धेत. मिरांदेस! तिसऱ्या पातळीवरचा संघ, बुर्गोस प्रांतातल्या मिरांदा दे एब्रो गावचा. त्यांच्याकडे १-१ झालं तेव्हा सगळ्यांनी मान हलवली, घरी येतील तेव्हा बघू म्हणाले. घरी आले आणि ०-२ने जिंकून गेले. त्यांचा हुकमी खेळाडू पाब्लो इन्फान्ते दिवसा बँकेत नोकरी करायचा. मिरांदेस मग उपांत्य फेरीपर्यंत गेलं आणि इन्फान्ते त्या कोपात सर्वाधिक गोल करणारा ठरला, म्हणजे ते काही उगाच जिंकलं नव्हतं. पण व्हियारेआलच्या पोरांना घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर ते झालं. लगेच गारीदोला काढलं. मोठ्या संघाला लहान संघाची भीती एकदा बसली की पुढे प्रत्येक लहान संघ मोठा दिसायला लागतो. आमच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्यांत हे दरवर्षी बघतो.

सई_ठाण्याची :

वाचतेय. फुटबॉल थोडंफार कळतं, पण हे नवीनच. यांच्या बी संघाचं पण काहीतरी झालं होतं ना? ते कुणी सांगेल का?

मधल्या_फळीतला :

सईताई, ती सगळ्यात अन्यायाची गोष्ट. स्पेनमध्ये मोठ्या क्लबांचे बी संघ खालच्या श्रेणींमध्ये खरोखरीचे सामने खेळतात, वर-खाली जातात. अट एकच, बी संघ आणि मुख्य संघ एका श्रेणीत असू शकत नाहीत. व्हियारेआल बी तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता, आणि त्या मोसमात तिथे टिकण्याइतके गुण त्यांनी रीतसर मिळवले होते. पण मुख्य संघ वरून खाली आला, म्हणून या पोरांना तिसऱ्या श्रेणीत जावं लागलं. विशी-बाविशीची मुलं, स्वतःचं काम चोख करून बसलेली, आणि मोठ्यांच्या हरण्याची शिक्षा त्यांना.

त्यात भर म्हणजे मोसमभर वरच्यांनी बी संघाचाच आधार घेतला होता. कुणी जखमी झालं की बीमधून उचला, कोच गेला की बीमधून आणा. गारीदो मूळचा बी संघाचा, डिसेंबरात त्याच्या जागी आलेला मोलिनाही बी संघाचाच कोच. क्लबची ती रीत मला एरवी आवडते. घरचा माणूस घडवायचा, घरचाच वर आणायचा. पण बुडत्या संघाला पहिल्या श्रेणीत कधीही कोच न राहिलेला माणूस देणं म्हणजे 'काही विशेष झालेलं नाही' असंच त्यांना वाटत होतं.

टाइल्सवाला :

मी नोकरीनिमित्त काही वर्षं व्हालेन्सियात आहे, टाइल्सच्याच धंद्यात. हा धागा वाचून राहवलं नाही. पैशाची बाजू राहिली, ती सांगतो.

व्हिला-रेआल हे कास्तेयोन प्रांतातलं जेमतेम ५० हजार वस्तीचं गाव. व्हालेन्सियाहून लोकलने जाता येतं. कास्तेयोन यायच्या जरा आधी दोन्ही बाजूंना टाइल्सचे कारखाने आणि पॅक केलेल्या मालाच्या रांगा दिसायला लागतात, पुठ्ठ्यांवर गुंडाळलेलं प्लॅस्टिक उन्हात चमकत असतं. हा अख्खा पट्टा सिरॅमिकवर जगतो. क्लबचे मालक फेर्नांदो रोईग यांची पामेसा ही कंपनीही सिरॅमिकचीच. त्यांनी १९९७ मध्ये क्लब घेतला तेव्हा व्हियारेआल पहिल्या श्रेणीत कधीच खेळलं नव्हतं. १९९८ मध्ये वर आले, एका वर्षात खाली गेले, २००० मध्ये पुन्हा आले ते बारा मोसम टिकले. मधे २००६ मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, ज्यात रिकेल्मेची शेवटच्या क्षणांतली पेनल्टी आर्सेनलच्या लेमानने अडवली. २००८ मध्ये लीगमध्ये दुसरे, बार्सिलोनाच्या वर. या गावाच्या आकाराला हे अचाट होतं.

मग २००८ ला स्पेनमधलं बांधकाम कोसळलं. घरं बांधायची थांबली की फरशी कोण घेणार? कारखाने बंद पडले, या भागात बेकारी भयंकर वाढली. क्लबच्या शर्टावर कित्येक मोसम कास्तेयोन विमानतळाची जाहिरात होती. त्या विमानतळाचं उद्घाटन मार्च २०११ मध्ये झालं आणि पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं २०१५ मध्ये. त्या काळातल्या पैशाची सगळी कथा त्या शर्टावर छापलेली होती. तेव्हा काझोर्लाला हौसेने नाही विकला. मालागाच्या मागे कतारचा शेख उभा होता, व्हियारेआलच्या मागे एक फरशीचा कारखानदार. रोईगांनी क्लब कर्जात बुडवला नाही, हे मी त्यांच्या बाजूने मोजतो. त्याच वर्षांत स्पेनमधले कितीतरी क्लब पगार थकवून दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेले होते, आणि सुरुवातीचा तो खेळाडूंचा संपसुद्धा थकलेल्या पगारांवरूनच होता.

शाहूपुरीचा_गोली :

जबरदस्त प्रतिसाद, टाइल्सवाले. तो विमानतळ माहीत नव्हता.

अंधेरी_पूर्व :

मोलिनाचा विषय निघालाच आहे तर मुंबईकरांच्या वतीने लिहितो. होसे फ्रान्सिस्को मोलिना. आतलेतिकोने १९९६ मध्ये लीग आणि कोपा दोन्ही जिंकले तेव्हाचा त्यांचा गोलकीपर. त्याच वर्षी स्पेनकडून पदार्पण केलं तेही नॉर्वेविरुद्ध चक्क विंगवर, बदली खेळाडू उरले नव्हते म्हणून. पुढे कर्करोगावर मात करून पुन्हा मैदानात उतरला. असा माणूस.

व्हियारेआलने त्याला डिसेंबरात बसवलं आणि मार्चमध्ये लेव्हान्तेकडून हरल्यावर काढलं. तीन महिन्यांत त्याची किंमत ठरवून टाकली. तोच मोलिना २०१६ मध्ये कोलकात्याला आला. उपांत्य फेरीत आमच्या मुंबई सिटीला बाहेर काढलं, आणि अंतिम सामन्यात कोचीत केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. मुंबईकडे त्या वर्षी दिएगो फोर्लान होता, ज्याने २००४-०५ मध्ये व्हियारेआलकडून २५ गोल मारून ला लीगाचा पिचिची, म्हणजे सर्वाधिक गोलांचा किताब, मिळवला होता. अंधेरीच्या मैदानावर दुसऱ्या लेगचा सामना ०-०. मोलिनाचा बचाव इतका शिस्तीत उभा होता की आम्ही शेवटपर्यंत फट शोधत बसलो. मग २०२४-२५ मध्ये मोहन बागानला त्याने लीग शिल्ड आणि आयएसएल कप दोन्ही जिंकून दिले. म्हणून म्हणतो, कोच वाईट नव्हता. त्याला मिळालेला संघ आतून तुटलेला होता.

फातोर्ड्याची_पोर :

मग मोलिनानंतर कोच म्हणून आलेल्या लोतिनाला तरी का बोल लावायचा? मिगेल आन्हेल लोतिनाने २००७ मध्ये रेआल सोसिएदाद, २०११ मध्ये देपोर्तिवो आणि मग व्हियारेआल खाली नेले म्हणून लोकांनी त्याला अपशकुनी ठरवलं. माणसाला असं ठरवणं मला सहन होत नाही. मार्चअखेर येऊन कोण काय करणार होतं? उलट २००६ मध्ये एस्पान्योलला कोपा देल रे जिंकून देणाराही तोच. आणि त्या एस्पान्योलचा कर्णधार कोण होता माहितीये? राऊल तामुदो. अंतिम सामन्यात सारागोसाविरुद्ध गोलही केला होता. सहा वर्षांनी वायेकासला भरपाईच्या वेळेत त्यानेच गोल केला आणि आपल्या जुन्या कोचला खाली पाठवलं. तामुदोचा यात काही दोष नाही, त्याने त्याच्या क्लबला वाचवलं. पण लोतिनासाठी जीव तुटतो.

मधल्या_फळीतला :

लोतिनाबद्दल सहमत. तामुदोचा हा दुवा माझ्या लक्षातच आला नव्हता, बरं झालं लिहिलंत.

फाल्काओबद्दलही सांगतो. २०११ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत पोर्तोने व्हियारेआलला पहिल्या लेगमध्ये ५-१ हरवलं, त्यात फाल्काओचे चार. आणि २०१२ मध्ये आतलेतिकोचा शर्ट घालून ८८व्या मिनिटाला पुन्हा तोच. चार दिवस आधी बुखारेस्टला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात त्याने दोन गोल केले होते, आतलेतिको थकून येईल अशी एल माद्रिगालवर आशा होती. पण आतलेतिकोला चौथ्या क्रमांकाची संधी होती, ते सामना सोडून देणार नव्हते, आणि द्यायलाही नको होता.

बाकीच्यांकडेही बघा. जानेवारीत तळाला असलेलं सारागोसा मान वर काढून ४३ गुणांपर्यंत गेलं. त्यांना केव्हाच कळलं होतं की आपण बुडतोय, म्हणून ते प्रत्येक सामना तसे खेळले. व्हियारेआल शेवटपर्यंत 'एक विजय मिळाला की झालं' यावरच अडून राहिलं. माझं सुरुवातीचं म्हणणं हेच आहे आणि दुखापती, पैसा सगळं धरूनही मी त्यावर ठाम आहे.

सई_ठाण्याची :

पुढे काय झालं? परत आले का?

टाइल्सवाला :

आले. पण त्याआधी एक वाईट घडलं. जून २०१२ मध्ये नवा कोच म्हणून मानोलो प्रेसियादोशी करार ठरला. स्पोर्तिंग खिखोनचा लाडका माणूस. बायको कर्करोगाने गेली, नंतर मुलगा अपघातात गेला, तरी उभा राहिलेला. करार ठरला आणि काही तासांत हृदयविकाराचा झटका येऊन तो गेला. ५४ वर्षांचा होता. अधिकृत ओळख करून देण्याचा कार्यक्रमही झाला नव्हता. व्हियारेआलचे जुने प्रेक्षक अजूनही सामना हरल्याच्या गोष्टी मोठमोठ्याने सांगतात, पण प्रेसियादोवर आले की आवाज खाली येतो.

रोस्सी, व्हालेरो, गोन्सालो रोद्रिगेस फियोरेन्तिनाला गेले. थांबले ते ब्रुनो सोरियानो, कानी, मुसाक्चियो आणि मार्कोस सेना. सेना तेव्हा पस्तिशी उलटलेला, २००८चा युरो विजेता. दुसऱ्या श्रेणीतल्या मैदानांवर खेळायला त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं. ब्रुनो याच प्रांतातल्या आर्ताना गावचा, त्याला मोठ्या क्लबांत सहज जाता आलं असतं. बीमधून हेरार्द मोरेनो वर आला. जानेवारीत मार्सेलिनो कोच म्हणून आला, आणि जून २०१३ मध्ये शेवटच्या दिवशी आल्मेरियाला १-० हरवून दुसऱ्या क्रमांकाने वर आले. लगेच पुढच्या मोसमात ला लीगात सहावे. २०२१ मध्ये ग्दान्स्कला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध युरोपा लीग जिंकली, पेनल्टी ११-१०. त्या सामन्यातला व्हियारेआलचा गोल हेरार्द मोरेनोचा.

शाहूपुरीचा_गोली :

आणि शेवटची पेनल्टी गोलकीपर रुयीने मारली, मग युनायटेडचा गोलकीपर दे हेआ याची अडवली. हे मी लिहिल्याशिवाय कसं राहीन!

अंधेरी_पूर्व :

@मधल्या_फळीतला, भीती वाटली नाही म्हणून गेले हे अजून पूर्ण पटलेलं नाही. देपोर्तिवोला २०१०-११ मध्ये भीती होती, ४३ गुण होते, तरी शेवटच्या दिवशी खाली गेले. व्हियारेआलपेक्षा दोन गुण जास्त! लीग जिंकलेला क्लब तो, २००० चा. त्यांच्यावर वेगळा धागा काढा, मी त्यांच्या रियासोर मैदानावरच्या त्या शेवटच्या सामन्याबद्दल लिहितो.

मधल्या_फळीतला :

काढतो. लोतिना तिथेही आहेच, तेव्हा फातोर्ड्याच्या ताईंनीही यायचं.